काचेचे संगणक-कॅबिनेट : शोभा, वायुवीजन आणि निवडीचे निकष

गोषवारा

संगणक खरेदीच्या दरपत्रकात कॅबिनेट हा घटक बहुधा शेवटच्या ओळीत व बहुधा एकाच शब्दात उरकला जातो. पत्र्याच्या बंद पेटीच्या काळात यामुळे फारसे नुकसान होत नसे. तथापि अलीकडे पारदर्शक काचेची व रंगीत दिव्यांनी उजळलेली कॅबिनेटे सर्वत्र प्रचलित झाली असून त्यांच्या निवडीत झालेली चूक यंत्राच्या कार्यक्षमतेवर, आयुष्यावर आणि प्रसंगी वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेवरही परिणाम करते. प्रस्तुत लेखात अशा कॅबिनेटमागील भौतिकशास्त्र, काचेचे गुणधर्म, दिव्यांची विद्युत्-रचना आणि आपल्या हवामानातील अडचणी यांच्या आधारे निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : कॅबिनेट, टफन्ड काच, वायुवीजन, आरजीबी दिवे, दरपत्रक

प्रास्ताविक

मराठी मध्यमवर्गीय घरातील दिवाणखान्यात एकेकाळी काचेचे शोकेस असे. त्यात काश्मीरहून आणलेली लाकडी नाव, मुलांनी मिळवलेले करंडक, एखादी कोंडापल्लीची बाहुली आणि न वापरायचा चहाचा संच मांडलेला असे. काचेआड ठेवलेली वस्तू वापरायची नसते, पाहायची असते, हा त्यामागील अलिखित संकेत. संगणकाच्या बाबतीत मात्र हा संकेत उलटला आहे. आज काचेआड ठेवलेली वस्तू ही घरातील अथवा विभागातील सर्वाधिक राबणारी वस्तू असते. ती ऊर्जा खाते, उष्णता ओकते आणि तिला अखंड हवा लागते. करंडकाला हवा लागत नाही. या एका भेदाचे भान सुटले की पुढील सर्व चुका क्रमाने घडतात.

प्रस्तुत लेखकाच्या विभागात त्या घडल्या आहेत, हे प्रारंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. प्रतिमा-प्रक्रियेच्या प्रात्यक्षिकांसाठी विभागाने ग्राफिक्स कार्ड असलेला एक संगणक जुळवून घेतला. दरपत्रके तीन आली, तुलनात्मक तक्ता झाला. प्रोसेसर, मेमरी, एसएमपीएस यांवर सविस्तर चर्चाही झाली. कॅबिनेटपुढे तिन्ही विक्रेत्यांनी ‘काचेचे, आरजीबी’ एवढेच लिहिले होते आणि त्यावर कोणीही प्रश्न विचारला नाही. यंत्र आले तेव्हा ते सुंदर होते, हेही मान्य केले पाहिजे. पुढची बाजू संपूर्ण काचेची, डावी बाजू काचेची, आत तीन रंगीत पंखे. एप्रिलमधील प्रात्यक्षिक परीक्षेत ते दुपारी दोनदा आपोआप बंद पडले. तिसऱ्यांदा बंद पडू नये म्हणून घाईने डावीकडील काच काढून बाजूला टाइलच्या फरशीवर टेकवली. क्षणार्धात तिचे शेकडो तुकडे झाले. दोन्ही घटनांची कारणे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात सापडतात आणि ती आम्ही स्वतःच शिकवीत होतो.

पत्र्याकडून काचेकडे

बोलीभाषेत आपण या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतो. तांत्रिकदृष्ट्या ते चूक आहे, कारण सीपीयू म्हणजे आतील बोटभर आकाराचा प्रोसेसर. पण या चुकीतून एक गोष्ट सूचित होते : पेटी आणि तिच्यातील यंत्र हे आपल्या दृष्टीने एकच होते. आत काय आहे ते पाहण्याची गरजही नव्हती आणि सोयही नव्हती. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्डचे परिमाण रूढ केले (३०५ × २४४ मिलिमीटर), तेव्हा कॅबिनेट म्हणजे मळकट पिवळसर पत्र्याचा डबा होता. १९९८ मध्ये अॅपलने अर्धपारदर्शक रंगीत प्लॅस्टिकचा आयमॅक बाजारात आणला आणि यंत्राच्या आतील भाग अंधूक का होईना, दिसू लागला. त्याच सुमारास हौशी मंडळी पत्र्याला खिडकी कापून तीत अॅक्रिलिक बसवू लागली आणि आत कोल्ड कॅथोड नळ्या लावू लागली. अॅक्रिलिकवर स्थिर विद्युत् प्रभारामुळे धूळ चिकटते आणि साध्या फडक्यानेही ओरखडे उमटतात. २०१५ च्या आसपास त्याची जागा टफन्ड काचेने घेतली.

सध्याच्या शोकेस-पद्धतीच्या कॅबिनेटला ज्या रचनेने वळण दिले तिचा उल्लेख करणे आवश्यक आहे. तैवानच्या लियान ली या कंपनीने डेरबाउअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन तंत्रज्ञाच्या सहकार्याने २०१८ मध्ये पीसी-ओ११ डायनॅमिक हे कॅबिनेट आणले. त्यात दोन कप्पे आहेत. मदरबोर्ड व कार्ड पुढील कप्प्यात, तर एसएमपीएस, हार्ड डिस्क आणि वायरींचा गुंता मागील कप्प्यात लपवलेला. पुढची व डावी बाजू काचेची असल्यामुळे हवा समोरून येऊच शकत नाही; ती बाजूने, तळातून व वरून खेळवावी लागते आणि त्यासाठी या तिन्ही ठिकाणी प्रत्येकी तीन १२० मिलिमीटर पंख्यांची सोय केलेली आहे. या वर्गाला आज सर्रास ‘फिश टँक’ म्हटले जाते. नाव गमतीचे असले तरी नेमके आहे, कारण मत्स्यालयालाही हवेचा पंप लागतो.

वायुवीजनाचे गणित

ज्याला आपण संगणकाची ‘शक्ती’ म्हणतो ती अखेरीस उष्णताच असते. संगणक कोणतेही वजन उचलत नाही; त्यामुळे भिंतीवरील सॉकेटमधून घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कॅबिनेटमध्ये मुक्त होते. ४०० वॅट खाणारा संगणक हा ४०० वॅटचा हीटर आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

ही उष्णता बाहेर नेण्याचे काम हवा करते. एक घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ किलोग्रॅम असते आणि एक किलोग्रॅम हवेचे तापमान एका अंशाने वाढण्यास सुमारे १,००५ ज्यूल लागतात. आतील हवा खोलीपेक्षा १० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापू नये अशी अपेक्षा धरली, तर प्रत्येक घनमीटर हवा सुमारे १२,००० ज्यूल उष्णता घेऊन जाईल. ४०० वॅटसाठी सेकंदाला एक तीसांश घनमीटर, म्हणजे सुमारे ३३ लिटर हवा बदलली गेली पाहिजे. मोठ्या शोकेस-कॅबिनेटचे घनफळ ५० लिटरच्या आसपास असते. याचा अर्थ असा की त्या सुंदर काचेआडची सगळी हवा साधारण दीड सेकंदात पूर्णपणे बदलायला हवी. हे गणित फळ्यावर मांडले तेव्हा विद्यार्थ्यांपेक्षा सहकारी अधिक चकित झाले.

आता आमच्या कॅबिनेटकडे वळू. पुढच्या काचेमागे तीन पंखे होते आणि हवा आत येण्यासाठी काचेच्या दोन्ही कडांना उभी फट होती. फूटपट्टीने मोजली तेव्हा उंची ४५० मिलिमीटर व रुंदी १२ मिलिमीटर भरली. दोन्ही फटींचे मिळून क्षेत्रफळ १०८ चौरस सेंटिमीटर झाले. १२० मिलिमीटर व्यासाच्या एकाच पंख्याचे वर्तुळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे तीन पंखे ज्या वाटेने श्वास घेत होते ती वाट एका पंख्यालाही अपुरी होती, आणि फटीत फिल्टर म्हणून बसवलेल्या बारीक जाळीने त्यातीलही काही भाग अडवला होता. पंख्याच्या खोक्यावर हवेच्या प्रवाहाचा जो आकडा छापलेला असतो तो मोकळ्या हवेतील असतो. समोर अडथळा आला की तो किती घटेल याचा अंदाज खोक्यावरून येत नाही.

यावरून एक साधी कसोटी निघते आणि ती लावण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. कॅबिनेटमध्ये हवा ज्या मार्गांनी आत येते त्या सर्व उघड्या भागांचे क्षेत्रफळ मोजावे आणि आत ओढणाऱ्या पंख्यांच्या वर्तुळांशी त्याची तुलना करावी. ते निम्म्याहूनही कमी भरत असेल तर ते कॅबिनेट कितीही देखणे असो, ग्राफिक्स कार्डाच्या संगणकासाठी घेऊ नये. जाळीदार पुढचा भाग व केवळ डाव्या बाजूला काच असलेले कॅबिनेट या कसोटीवर सहज उतरते. ओ११ सारखी दोन कप्प्यांची रचनाही उतरते, मात्र तळाचे आणि बाजूचे पंखे खरोखर बसवले असतील तरच. येथे अनेकांची फसगत होते. अशी कॅबिनेटे पुष्कळदा पंख्यांविना विकली जातात. ग्राहक किंमत पाहून सुखावतो आणि पंख्यांचा खर्च नंतर समजतो. दरपत्रकांची तुलना करताना एका विक्रेत्याच्या किमतीत सहा पंखे धरलेले आणि दुसऱ्याच्या किमतीत एकही नाही, असे होऊ शकते. तक्त्यात मात्र दोन्ही ठिकाणी ‘कॅबिनेट – १ नग’ एवढेच दिसते.

हवामानाचा मुद्दा येथेच येतो. परदेशी परीक्षणांतील तापमाने बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या छपराखालील प्रयोगशाळेत मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळीसच्या घरात जाते. त्यात कॅबिनेटमधील दहा अंशांची वाढ मिळवली की ग्राफिक्स कार्डाला मिळणारी ‘थंड’ हवा पन्नास अंशांची असते. आजचे प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद होते. आमच्या परीक्षेत जे घडले त्याला विक्रेता ‘एसएमपीएसचा दोष’ म्हणत होता. पुढची काच काढून त्या जागी नायलॉनची जाळी ताणून बसवली आणि यंत्र पुन्हा बंद पडले नाही.

उन्हाचाही विचार करावा. पत्र्याच्या पेटीवर पडलेले ऊन पत्रा तापवते. काचेच्या पेटीवर पडलेले ऊन सरळ आत जाते. दुपारच्या स्वच्छ उन्हात लंबरूप पृष्ठभागावर दर चौरस मीटरला हजार वॅटच्या जवळपास ऊर्जा येते. ०.२ चौरस मीटरच्या काचेवर पश्चिमेच्या खिडकीतून तिरपे ऊन आले तरी शंभर वॅटची भर सहज पडू शकते. थोडक्यात, फुकटात बसवलेला आणखी एक हीटर.

धुळीचे गणित थोडे वेगळे आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवली की आत सौम्य धन दाब राहतो. मग धूळ फटीफटींतून शिरण्याऐवजी फिल्टर असलेल्या वाटेनेच येते आणि तिथे अडते. म्हणून आत घेणारे पंखे अधिक व बाहेर टाकणारे कमी, अशी मांडणी उपयुक्त ठरते. अट एकच : फिल्टर बाहेरून काढता व धुता यावेत. चुंबकाने चिकटणारे फिल्टर या दृष्टीने सोयीचे. खडूची भुकटी उडणाऱ्या वर्गात ते पंधरा दिवसांनी पाहावेत. तळातून हवा घेणारे कॅबिनेट जमिनीवर वा सतरंजीवर ठेवणे म्हणजे केरसुणीसमोर पंखा लावणे होय. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत काचेला काही होत नाही. गंज चढतो तो स्क्रूच्या छिद्रांपाशी, जिथे पत्र्यावरचा रंग निघालेला असतो. आणि मागील बाजूच्या रिकाम्या स्लॉटांवरील पट्ट्या जागच्या जागी बसवाव्यात. उबेच्या ओढीने पाल आत शिरते आणि काचेचे शोकेस असल्याने तिचा शेवटही सर्वांना दिसतो.

वरील चर्चेतून काच सर्वत्र त्याज्य आहे असा अर्थ काढू नये. कार्यालयीन टंकलेखन, ग्रंथालयाची नोंदणी, निकालपत्रके यांसाठीचा ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक बहुतेक वेळ शंभर वॅटही खात नाही. तेथे पुढची काच निरुपद्रवी असते. प्रश्न एवढाच की तेथे ती हवी कशाला.

टफन्ड काच : बळ आणि दुबळेपणा

काच फुटण्याचे कारण समजून घेण्यासाठी ती कशी घडते ते पाहिले पाहिजे. साधी काच ६०० अंशांहून अधिक तापवून तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर प्रथम गोठतो, आतील भाग मागाहून थंड होऊन आकुंचन पावू पाहतो आणि बाहेरच्या थराला आत खेचतो. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली. काच फुटते ती ताणाने. पृष्ठभाग आधीच दाबलेला असल्यामुळे बाहेरून आलेल्या ताणाला प्रथम तो दाब नाहीसा करावा लागतो. म्हणून अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट भार सोसते. सतराव्या शतकात युरोपात कुतूहलाचा विषय ठरलेला ‘प्रिन्स रुपर्टचा थेंब’ याच तत्त्वावर आधारलेला आहे : वितळलेल्या काचेचा पाण्यात पडून गोठलेला थेंब हातोडीनेही फुटत नाही, पण शेपटी मोडली की भुकटी होतो. रॉबर्ट हूक याने १६६५ मधील ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे.

कॅबिनेटच्या काचेची ‘शेपटी’ म्हणजे तिच्या कडा आणि कोपरे. सपाट भागावर मुठीने ठोकले तरी तिला काही होत नाही. परंतु कडेचा एखादा बिंदू आपल्याहून कठीण पृष्ठभागावर टेकला की सगळा भार सूक्ष्म क्षेत्रावर एकवटतो, तडा दाबाचा थर ओलांडून गाभ्यात पोहोचतो आणि तिथे साठलेला ताण एकाच वेळी मोकळा होतो. व्हिट्रिफाइड वा चिनीमातीच्या टाइलचा पृष्ठभाग काचेहून कठीण असतो. आमची काच पडली नव्हती, आपटलीही नव्हती. ती नुसती टेकवली होती. तुकडे बोथट, चौकोनी आणि खड्यांएवढे होते, त्यामुळे कोणालाही इजा झाली नाही. टफन्ड काचेचा हा मोठा गुण आहे. साध्या काचेच्या सुऱ्यांसारख्या धारदार कपच्या तेथे विखुरल्या असत्या तर हा लेख वेगळ्या सुरात लिहावा लागला असता. म्हणून स्वस्त कॅबिनेटमध्ये काच टफन्ड आहे की साधी, की मुळात ती काच नसून अॅक्रिलिकच आहे, हे लेखी विचारणे अगत्याचे आहे.

काच कॅबिनेटला कशी जोडलेली आहे, याकडे निवड करताना सर्वाधिक लक्ष द्यावे, असे आता प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. काही कॅबिनेटमध्ये काचेच्या चार कोपऱ्यांत छिद्रे असून त्यांतून हाताने फिरवायचे स्क्रू जातात. स्क्रू अधिक आवळला गेला, रबरी वायसर हरवला, किंवा शेवटचा स्क्रू काढताना काच हातातून निसटली, की धोका उद्भवतो. चार मिलिमीटर जाडीच्या ४५ × ४५ सेंटिमीटर काचेचे वजन सुमारे दोन किलोग्रॅम भरते. एका हाताने स्क्रू व दुसऱ्या हाताने काच सांभाळणे वाटते तितके सोपे नाही. याउलट जेथे काच धातूच्या चौकटीत चिकटवलेली असते आणि ती चौकट खाचेत अडकते किंवा बिजागरीवर उघडते, तेथे काचेची कड कोठेही उघडी पडत नाही. महाविद्यालयात, जेथे कॅबिनेट अनेक हातांनी उघडले जाणार, तेथे दुसरा प्रकारच घ्यावा. काढलेली काच फरशीवर नव्हे, तर आडवी, जाड कापडावर ठेवावी. आम्ही आता जिमखान्यातील जुन्या गादीचा तुकडा वापरतो.

दिवे : शोभेची विद्युत्-रचना

रंगीत दिव्यांना केवळ पोरखेळ समजणे भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला शोभत नाही. लाल व हिरवे एलईडी फार पूर्वीपासून होते. निळा मात्र कित्येक वर्षे हुलकावणी देत राहिला. तो साध्य केल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाल्यावर लाल, हिरवा व निळा या तिन्हींच्या मिश्रणातून कोणताही रंग निर्माण करणे शक्य झाले. ‘आरजीबी’ हे नाव याच तीन रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे आहे. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा होतात.

खरेदीदाराने जाणून घ्यावा असा भेद दोन प्रकारांतील आहे. पहिल्या प्रकारात चार पिनांची जोडणी व १२ व्होल्ट असतात. संपूर्ण पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते. दुसऱ्यात तीन पिना व ५ व्होल्ट असतात. प्रत्येक दिव्यात स्वतःची नियंत्रक चिप असते आणि प्रत्येक दिवा वेगळा रंग घेऊ शकतो. डब्ल्यूएस२८१२बी हा या जातीचा सर्वपरिचित दिवा होय. ५ व्होल्टची पट्टी जोर लावून १२ व्होल्टच्या पिनांवर बसवली तर ती जळते, आणि हा अपघात दुरुस्तीच्या टेबलावर नित्याचा आहे. मदरबोर्डवर कोणती जोडणी आहे हे आधी पाहून त्याप्रमाणे पंखे घ्यावेत.

मर्यादा प्रवाहाचीही असते. मदरबोर्डवरील तीन पिनांच्या जोडणीतून बहुधा तीन अँपिअर प्रवाह घेता येतो. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात असा एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. सहा पंखे व प्रत्येकी बारा दिवे धरल्यास ७२ दिव्यांचे ४.३२ अँपिअर होतात. तेव्हा अधिक पंख्यांसाठी एसएमपीएसमधून स्वतंत्र वीज घेणारा हब आवश्यक ठरतो. विजेच्या बिलाची चिंता मात्र अनाठायी आहे. हे सर्व दिवे पूर्ण पांढरे पेटवले तरी सुमारे २२ वॅट होतात. रोज आठ तास व महिन्याला पंचवीस दिवस धरले तर साडेचार युनिटही होत नाहीत.

अल्प किमतीच्या कॅबिनेटमधील दिवे हा खरा उपद्रव आहे. त्यांतील पंखे अनेकदा एसएमपीएसला थेट जोडलेले असतात, त्यांचा वेग नियंत्रित होत नाही आणि गणेशोत्सवाच्या मखरातील माळेप्रमाणे सात रंग अखंड फिरत राहतात. घरी ते एकवेळ चालेल. वर्गात पन्नास विद्यार्थ्यांची नजर फळ्याऐवजी त्या पेटीकडे जाते, आणि ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानात मागे ठेवलेला असा संगणक असेल तर कॅमेऱ्यात प्रकाशाचे पट्टे थरथरताना दिसतात. दिवे बंद करण्याचे बटण आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला प्रथम विचारावा. ते दाखवायला तो क्षणभर अडखळला तर उत्तर मिळाले असे समजावे. मदरबोर्डवरून नियंत्रित होणारे दिवे असतील तर काम सोपे होते. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून दिव्यांच्या नियंत्रणाची सोय आली आहे. मात्र प्रत्येक दिवा तिच्या आवाक्यात येत नाही. ओपनआरजीबी ही मुक्त प्रणालीही अनेक कंपन्यांच्या दिव्यांवर चालते. संगणक बंद केल्यावरही दिवे जळत राहिल्यास घाबरू नये. काही मदरबोर्ड स्टँडबाय विजेवर ते चालू ठेवतात आणि बायोसमध्ये ती सोय बंद करता येते.

परिमाणे आणि दरपत्रक

कॅबिनेट ठरवण्यापूर्वी चार मापे कागदावर घ्यावीत : मदरबोर्डचा प्रकार, ग्राफिक्स कार्डाची लांबी, प्रोसेसरवरील कूलरची उंची आणि एसएमपीएसची लांबी. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ सारखा मोठा कूलर १६५ मिलिमीटर उंच असतो. काचेचे दार त्याला टेकले तर दार लागत नाही, आणि बळजबरीने लावले तर वर सांगितलेला प्रसंग ओढवतो. शोभेसाठी कार्ड उभे बसवून त्याचे पंखे काचेकडे वळवण्याची टूम आहे. त्यांच्यात आणि काचेत दोनच सेंटिमीटर अंतर उरले की कार्ड गुदमरते. दोन कप्प्यांचे कॅबिनेट रुंद असते. ओ११ ची रुंदी २७२ मिलिमीटर आहे, आणि संगणकाच्या जुन्या टेबलांतील खण इतके रुंद नसतात. ते भिंतीला चिकटवूनही ठेवता येत नाही, कारण उजवी बाजू हवेची वाट असते. आता असुस, एमएसआय यांसारख्या कंपन्यांचे काही मदरबोर्ड वायरींच्या सर्व जोडण्या मागील बाजूस ठेवतात, जेणेकरून काचेतून एकही वायर दिसू नये. अशा बोर्डसाठी कॅबिनेटच्या पत्र्यालाही जुळणारी छिद्रे लागतात.

महाविद्यालयाच्या खरेदी समितीसाठी दरपत्रकातील ती शेवटची ओळ पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘कॅबिनेट – पुढील भाग जाळीचा, डावी बाजू टफन्ड काच, चौकटीसह, बिजागरीवर, धुता येण्याजोगे फिल्टर, १२० मिलिमीटरचे किमान तीन पंखे आत व एक बाहेर, वेग मदरबोर्डवरून नियंत्रित, दिवे ५ व्होल्ट, तीन पिना, बंद करण्याच्या सोयीसह, सुटी काच स्वतंत्र किमतीस उपलब्ध’. शेवटचा उपवाक्यांश आम्ही नुकसान सोसून शिकलो. फुटलेली काच हमीत बसत नाही असे विक्रेत्याने सांगितले. स्थानिक काचवाल्याकडे गेलो तेव्हा कळले की टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही वा तिला छिद्रही पाडता येत नाही. आधी माप घेऊन, छिद्रे पाडून मगच ती टफन करावी लागते, आणि एका नगासाठी तालुक्याच्या ठिकाणी कोणी भट्टी पेटवीत नाही.

डाव्या बाजूस सध्या आम्ही अॅक्रिलिकचा पत्रा कापून बसवला आहे. त्यावर ओरखडे आहेत, धूळही बसते. तरी प्रथम वर्षाचे विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यासमोर उभे राहून मेमरीच्या पट्ट्या कोणत्या आणि कार्ड कोणते हे बोट दाखवून सांगतात. पत्र्याच्या डब्यासमोर हे घडत नव्हते. दिवे परीक्षेच्या काळात बंद असतात.